आडवी रेघ

"एक रेघ पुसायला किती दिवस लागतात, उस्ताद?"

नुमैरने हे विचारलं तेव्हा त्याच्या आवाजात प्रश्न कमी आणि टोमणा जास्त होता.

म्हातारा तूमा उगाळायच्या दगडी चाकावर पाणी शिंपडत होता. त्याने मान वर केली नाही.

"कुठली रेघ?"

"ती आडवी."

"नऊ दिवस."

"आणि मी आज दुपारीच पुसली तर?"

चाकावरचं पाणी खाली ओघळत राहिलं...

ही गोष्ट शाम देशातली, म्हणजे आज ज्याला आपण सीरिया म्हणतो तिथली. फार जुनी. आसी नदीच्या काठी एका गावात तांब्या-काशाची नाणी पाडणारी टांकसाळ होती. तिथून रूमच्या, म्हणजे बायझंटाईन बादशहाचं राज्य उठून बरीच वर्षं झाली होती. अरब अमीर गादीवर बसला होता. माणसं बदलली, भाषा बदलली, पण नाणं मात्र बदललं नाही. बाजार राजापेक्षा नाण्याला जास्त ओळखतो. म्हणून नव्या राज्यातही नाण्यावर जुनाच बादशहा उभा होता: पायघोळ झगा, डोक्यावर मुकुट आणि हातात उंच क्रूस.

आता अमिराचा हुकूम सुटला होता. बादशहा राहू दे, लोकांना त्याची सवय आहे. क्रूस नको.

तसं पाहिलं तर काम एवढंसंच होतं. क्रूस म्हणजे एक उभी काठी आणि तिच्यावर एक आडवी रेघ. रेघ काढली की बादशहाच्या हातात उरते नुसती काठी. म्हातारपणी कोणाच्याही हातात असते तशी.

तूमा या टांकसाळीत चाळीस वर्षं ठसे कोरत होता. तो ख्रिस्ती होता. रूमचं राज्य असताना त्याने याच हातांनी याच बादशहाचे ठसे कोरले होते. नुमैर त्याचा शिष्य, पंचविशीतला अरब जवान, दोन वर्षं त्याच्या हाताखाली शिकत होता. पाच वेळचा नमाज चुकवायचा नाही, खोटं बोलायचा नाही, कोणाचा पैसा बुडवायचा नाही. आणि आपल्यासारखे आपणच, याविषयी त्याला तिळमात्र शंका नव्हती.

आदल्या दिवशी अमिराचा कारभारी अब्बाद हुकूम घेऊन आला, तेव्हा तूमाने नऊ दिवस मागितले होते. ठसा लोखंडाचा. तो तापवून मऊ करायचा, केसभर उगाळायचा, जे पुसट होईल ते पुन्हा उठवायचं, मग पुन्हा पाणी देऊन कडक करायचं. त्याने हे सगळं शांतपणे सांगितलं.

तेवढ्यात नुमैर मध्ये बोलला. सगळ्यांसमोर.

"एका रेघेला नऊ दिवस? ठसा आज तापवतो. उद्या तिसऱ्या प्रहरी तुमच्या हातात नाणं देतो."

घणवाला सर्गीस मागे उभा होता. तो पुटपुटला, "आला, उंटावरचा शहाणा."

अब्बाद थट्टा करणारा माणूस नव्हता. त्याने नुमैरकडे पाहिलं, मग तूमाकडे, मग पुन्हा नुमैरकडे.

"ठीक. उद्या तिसऱ्या प्रहरी. नाणं माझ्यासमोर पाडायचं. त्यावर क्रूस दिसला, तर ज्याने ठशाला हात लावला त्याचा उजवा अंगठा कापून नेईन."

तो गेला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण नुमैरला तेव्हा ते कळलं नाही. त्याला वाटलं, आपण जिंकलो.

*

आता नुमैरला एवढी खात्री कशाची होती, तेही सांगायला हवं.

गेला महिनाभर तो अमिराच्या खजिन्यात जाणाऱ्या जुन्या नाण्यांवरचे क्रूस कानशीने घासून काढत होता. नाणं चिमट्यात धरायचं, दोन हात मारायचे, आडवी रेघ साफ. इतक्या सफाईने कोणाला जमत नव्हतं. त्याच्या हाताला सवयच लागली होती: जे नको ते घास, ते जातं.

त्या सकाळी त्याने मऊ केलेला ठसा पुढ्यात घेतला, टाकी उचलली आणि आडवी रेघ खरवडली. एकदा, दोनदा. जोर लावून. लोखंडाचा बारीक चुरा त्याने फुंकरीने उडवला.

"झालं," तो म्हणाला. "सर्गीस, चकती घे."

सर्गीसने शिशाची चकती ठेवली. नुमैरने वरून ठसा धरला. घण पडला.

चकतीवर बादशहा उभा होता. त्याच्या हातात क्रूस होता. आडवी रेघ आधीपेक्षा जाड होती.

सर्गीसने घण खाली टेकवला.

नुमैरने चकती उन्हात धरली, फिरवली. मग त्याने दात आवळले आणि पुन्हा टाकी उचलली. या वेळी त्याने रेघेला सोडलंच नाही. तिच्यावर जसा काही त्याचा जुना राग होता. कपाळावरून घाम ठशावर पडला, तोही त्याने रागाने पुसला.

दुसरी चकती. घण.

रेघ दाराच्या अडसराएवढी झाली होती.

ठशात जे खोल, ते नाण्यावर उंच. टांकसाळीतलं कुत्रंदेखील हे जाणतं. नुमैरही जाणत होता. पण महिनाभर नाणी घासून त्याचा हात एक गोष्ट शिकला होता, आणि रागाच्या भरात माणूस डोक्याचं ऐकत नाही, हाताचं ऐकतो. नाण्यावरची रेघ खरवडली की जाते. ठशातली रेघ खरवडली की वाढते.

नुमैरच्या तोंडचं पाणी पळालं.

"उस्ताद..."

तूमा चाकाजवळ बसला होता. "ऐकतोय."

"तुम्ही सांगितलं का नाहीत?"

"काल सांगत होतो. तू बोलत होतास."

*

दुपार झाली. नुमैरने नमाज पढला खरा, पण किती रकात, म्हणजे नमाजाच्या फेऱ्या, झाल्या हे त्याला आठवेना. कपाळ जमिनीवर टेकलं होतं आणि डोळ्यांसमोर ती रेघ होती. जन्मात पहिल्यांदा त्याला नमाजात स्वतःची लाज वाटली.

उठल्यावर त्याला युक्ती सुचली. खड्डाच आहे ना? मग भरून टाकू.

त्याने शिसं वितळवलं, थेंब थेंब रेघेत सोडलं, वरून घासून गुळगुळीत केलं. आता ठशावर बोट फिरवलं तरी रेघ लागत नव्हती.

"घण," तो म्हणाला.

या वेळी काशाची खरी चकती होती, तापवून लाल केलेली. घण पडला.

क्रूस नव्हता.

बादशहाच्या हातात नुसती काठी! सर्गीससुद्धा वाकून पाहू लागला.

"पाहिलंत?" नुमैर ओरडला. "पाहिलंत, उस्ताद? नऊ दिवस म्हणे!"

तूमाने नाणं पाण्यात विझवून हातात घेतलं. बराच वेळ पाहिलं. मग परत दिलं.

"आणखी एक पाड," तो म्हणाला.

दुसरंही साफ निघालं.

"आणखी एक."

तिसऱ्या घावाला ठशातून टचकन आवाज आला. तापलेल्या काशाने शिसं उखडून बाहेर फेकलं होतं आणि जाताना ते रेघेच्या कडाही घेऊन गेलं. नाण्यावर क्रूस परत आला होता. फाटक्या कडांचा, रुंद, ओबडधोबड. आता तो आंधळ्यालाही दिसला असता.

आगीतून फुफाट्यात... नुमैर मटकन खाली बसला. त्याने आपला उजवा हात डाव्या हातात घट्ट धरला, कोणी आत्ताच न्यायला आल्यासारखा.

बाहेर सावल्या लांबू लागल्या होत्या. नदीवरचं पाणचक्र कुरकुरत होतं.

आणि मग त्याच्या मनात ते आलं. अशा वेळी कोणाच्याही मनात येतं. पण त्याने ते तोंडाने बोलून दाखवलं.

"मी सांगेन, तुम्ही केलंत."

सर्गीसचा घण हातातच राहिला.

"क्रूस तुमचा आहे," नुमैर म्हणाला. तो तूमाकडे पाहत नव्हता. "तुम्हाला तो नाण्यावर राहायला हवा होता. म्हणून नऊ दिवस मागितलेत. मी असं सांगितलं तर अब्बाद कोणाचं ऐकेल?"

तूमाने विचार केल्यासारखं केलं.

"तुझं ऐकेल."

"मग?"

"मग सांग."

तूमाने गळ्यातली दोरी सदऱ्यातून बाहेर काढली. तिला लाकडाचा लहानसा क्रूस होता, घामाने काळा पडलेला.

"माझा इथे आहे," तो म्हणाला. "नाण्यावरचा लोक दातांनी चावून पाहतात. चिखलात पडतो. दारूच्या पिंपावर आपटतात. तो तिथून निघाला तर मला बरंच वाटेल."

त्याने दोरी पुन्हा आत टाकली.

नुमैरने मान खाली घातली. ज्या माणसाने दोन वर्षं आपला हात धरून टाकी चालवायला शिकवली, त्याचा अंगठा आपण आत्ता विकायला निघालो होतो. आपण! कधीही खोटं न बोलणारे. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"उस्ताद," तो म्हणाला, "काही मार्ग आहे का?"

तूमाने दगडी चाकाकडे बोट केलं. ते अजून ओलं होतं.

"खड्डा काढता येत नाही," तो म्हणाला. "भोवतालचं सगळं त्याच्या तळापर्यंत खाली आणता येतं."

*

सर्गीस चाक फिरवायला बसला. नुमैरने ठसा दोन्ही हातांत धरला, पण चाकाला लावला नाही.

"काय झालं?" तूमाने विचारलं.

नुमैरने ठशाच्या एका बाजूवर अंगठा ठेवला होता.

तिथे एक शब्द होता. तय्यिब. म्हणजे हे नाणं खरं आहे, चांगलं आहे. मागच्या वर्षी अमिराने हा अरबी शब्द नाण्यावर घालायला सांगितला, तेव्हा तूमाला अरबी लिहिता येत नव्हतं, म्हणून त्याने बादशहाशेजारची ती जागा नुमैरला दिली होती. नुमैरने आयुष्यात कोरलेली ती पहिली गोष्ट. दमास्कसच्या लेखनिकांनीसुद्धा तिची तारीफ केली होती. बाजारात कोणतंही नाणं हाती आलं की नुमैर आधी बादशहाकडे नाही, आपल्या शब्दाकडे पाहायचा.

"हा राहू शकतो का?"

"जितकी ती रेघ खोल, तितकं सगळं जाईल."

"बादशहा जाऊ दे. मुकुट, झगा, सगळं जाऊ दे. एवढा एक शब्द मी सांभाळून..."

"दगडाला वाचता येत नाही, पोरा."

नुमैरने शब्दावरचा अंगठा उचलला नाही. दूरवर नदीवरच्या पुलाच्या फळ्या वाजल्या. एक घोडा, मग दुसरा. सर्गीसने दाराकडे पाहिलं.

"आले," तो म्हणाला.

खरी गंमत अशी की एवढा वेळ अंगठ्याची भीती होती, आणि आता अंगठा वाचायची वेळ आली तर या शहाण्याला एका शब्दाचा मोह सोडवेना. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. त्याने ते पुसलं नाही. डोळे मिटले आणि ठसा चाकावर टेकवला.

दगड ओरडला. पाणी काळं झालं.

सगळ्यात आधी त्याचा शब्द गेला. इतका नाजूक कोरला होता की दोन फेऱ्यांतच नाहीसा झाला. मग कडेचे ठिपके गेले. मग मुकुट, चेहरा, झग्याच्या चुण्या. बादशहाची काठी गेली. नुमैरने ठसा उचलून पाहिला.

गुळगुळीत लोखंडावर आता एकच गोष्ट उरली होती. ती आडवी रेघ.

"अजून आहे!" तो ओरडला.

"असणारच," तूमा म्हणाला. "दाब. सर्गीस, जोरात."

बाहेर घोडे थांबले. कोणीतरी लगाम खांबाला बांधत होतं. नुमैरच्या बोटांची सालं निघाली होती, चाकावरचं काळं पाणी लाल दिसू लागलं होतं. त्याने पुन्हा पाहिलं. केसाएवढी सावली होती. त्याने पुन्हा टेकवला.

दार उघडलं.

*

अब्बाद आत आला. त्याच्यामागे एक शिपाई होता. शिपायाच्या कमरेला आखूड सुरा होता आणि त्याने तो लपवायची तसदी घेतली नव्हती.

"तिसरा प्रहर झाला," अब्बाद म्हणाला. "पाडा."

तूमाने तापलेली चकती चिमट्याने ऐरणीवर ठेवली. नुमैरने ठसा धरला. तूमाने आपला हात त्याच्या हातांवर ठेवला.

घण पडला.

अब्बादने नाणं पाण्यात विझवून घेतलं आणि उजेडाकडे नेलं. एका बाजूला खालच्या ठशातून उठलेलं, किंमत सांगणारं नेहमीचं मोठं अक्षर होतं. त्याने नाणं उलटलं. मग जवळ धरलं. मग दूर धरलं.

"बादशहा कुठे आहे?"

"गेला," तूमा म्हणाला.

"शब्द?"

"गेला."

"क्रूस?"

"तोही गेला."

"मग इथे उरलं काय?"

"तुमचा हुकूम."

अब्बादच्या कपाळावरची शीर फुगली. शिपायाचा हात सुऱ्याकडे गेला. सर्गीसने मनातल्या मनात सगळ्या संतांची नावं घेऊन टाकली.

"हे कोणी केलं?" अब्बादने विचारलं. तो तूमाकडे पाहत होता.

खोलीत फक्त थांबत आलेल्या चाकाची घरघर होती...

"मी," नुमैर म्हणाला.

अब्बाद वळला.

"उस्तादांनी नऊ दिवस मागितले होते ते बरोबर होतं. मी तोंड घातलं. आज ठशाला हात मी लावला. त्यांनी लावला नाही." त्याने उजवा हात पुढे केला. सोललेला, रक्ताळलेला. "नाणं मी बिघडवलं. अंगठा माझा आहे."

अब्बादने त्या हाताकडे पाहिलं. मग नाण्याकडे. तो कडक माणूस होता, पण बोललेल्या शब्दाला जागणारा होता. त्याने अंगठा क्रूसासाठी मागितला होता. नाण्यावर क्रूस नव्हता. काहीच नव्हतं.

त्याने ते कोरं नाणं कमरबंदात खोचलं.

"नऊ दिवस," तो तूमाला म्हणाला. "म्हातारबुवा, एक दिवसही जास्त नाही."

घोडे पुलावरून गेले. फळ्यांचा आवाज हळूहळू विरला.

सर्गीस भिंतीला टेकून खाली बसला आणि त्याने पाण्याचं अख्खं मडकं तोंडाला लावलं.

नुमैर उभाच होता. त्याच्या हातात ठसा होता, सपाट, चकचकीत, पूर्वीपेक्षा जवभर आखूड. जिथे त्याचा शब्द होता तिथे तो अंगठा फिरवत राहिला. अंगठा होता. शब्द नव्हता. सुटलो म्हणून आनंद व्हायला हवा होता आणि तो होतही होता, पण त्याच्या आत कुठेतरी कोणी गेल्यासारखं रितं रितं वाटत होतं.

"उस्ताद."

"बोल."

"ती एवढीशी रेघ होती. तिच्यासाठी सगळं का जावं लागलं?"

तूमाने चाकावरचं काळं पाणी फडक्याने टिपून घेतलं. फडकं पिळलं. दोरीवर वाळत टाकलं.

"सकाळी ती एवढी खोल नव्हती," तो म्हणाला.